नोटा दाबून आमदार घरी जात नाही, आत्या

२३ नोव्हेंबर २०२४. विधानसभेचे निकाल येत होते आणि बार्शीकडच्या गावातून आत्याचा फोन आला. मला वाटलं, कोण आलं, कोण पडलं ते सांगणार. तर म्हणाली, "अरं, आमच्या गटातल्या अकरा जणींनी ठरवून नोटा दाबलंय. आता परत इलेक्शन कधी लागतंय?"

बचत गटातल्या या अकरा बायका. शेतातलं काम बाजूला ठेवून, रांगेत उभं राहून, शाई लावून आल्या, आणि 'वरीलपैकी कोणीही नाही' हे शेवटचं बटण, म्हणजे नोटा, दाबून पुढच्या निवडणुकीची वाट बघत बसल्या. का, तर गटाच्या ग्रुपवर 'आमदार तुमचा नोकर आहे! हे ५ हक्क कोणी सांगणार नाही' अशा मथळ्याचा मजकूर आला होता. तोच मजकूर तेव्हापासून माझ्याकडे चार ठिकाणांहून आलाय. परवा सोसायटीच्या ग्रुपवर टाकला तो एका निवृत्त बँक मॅनेजरने, खाली हात जोडलेले सहा इमोजी. त्यामुळे आता एकदाच लिहितो. मी शिक्षक आहे, निवडणुकीच्या ड्यूट्या केल्यात, मशीन सील केलंय. तज्ज्ञ नाही, पण एवढं कळण्यासाठी तज्ज्ञ लागतही नाही.

"नोटाला सर्वांत जास्त मतं पडली तर निवडणूक रद्द. सगळ्या उमेदवारांची अनामत जप्त आणि त्यांना पुन्हा उभं राहता येत नाही."

एका दमात तीन खोट्या गोष्टी.

सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१३ मध्ये हे बटण द्यायला सांगितलं ते गुप्ततेसाठी. त्याआधी कोणालाच मत द्यायचं नसेल तर नियम ४९-ओ होता. केंद्राध्यक्षाला तसं सांगायचं, तो रजिस्टरमध्ये शेरा मारणार, त्यावर सही किंवा अंगठा करायचा. गावच्या केंद्रावर चार पक्षांचे पोलिंग एजंट टक लावून बसलेले असताना हे कोण करणार? म्हणून मशीनवर बटण आलं. भारत निवडणूक आयोगाने त्याच वर्षी स्पष्ट केलं की नोटाला कितीही मतं पडोत, उमेदवारांमध्ये ज्याला सर्वांत जास्त तोच विजयी. नोटाला १ लाख आणि उमेदवाराला ५०० पडली, तरी ५०० वाला आमदार.

आता लातूर ग्रामीण बघा. २०१९ च्या विधानसभेला तिथे नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता, २७ हजारांहून जास्त मतं. शिवसेनेचा उमेदवार तिसरा. काय झालं? काही नाही. काँग्रेसचे धीरज देशमुख १ लाख ३५ हजार मतं घेऊन विधानसभेत गेले. दोन दिवस पेपरात बातम्या आल्या आणि विषय संपला. दुसऱ्याचं काय घेऊन बसलात, पहिला आला असता तर, असं कोणी म्हणेल. तर एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका याचिकेवर आयोगाला नोटीस काढली. याचिकेतली मागणी हीच होती, की नोटा पहिला आला तर निवडणूक रद्द करून पुन्हा घ्या. नियम आधीच असता, तर तो करा म्हणून कोर्टात कोण कशाला जाईल? एवढा एक प्रश्न फॉरवर्ड करण्याआधी स्वतःला विचारला असता तरी पुरे होतं.

अनामतीचा भाग तर उलटाच आहे. विधानसभेला अनामत १० हजार, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना ५ हजार. ती वाचवायची तर वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात, आणि नोटाची मतं या वैध मतांत धरतच नाहीत. १ लाख ८० हजार मतदान झालं आणि सगळी मतं उमेदवारांना पडली, तर ३० हजारांच्या वर जावं लागतं. त्यातल्या ६० हजारांनी नोटा दाबलं, तर हिशेब १ लाख २० हजारांवर होतो आणि २० हजारांच्या वर गेलं की भागतं. म्हणजे ज्यांना अद्दल घडवायची, त्यांचीच अनामत वाचवायला मदत. पुन्हा उभं राहण्याच्या बंदीबद्दल तर बोलायलाच नको, तसलं कुठल्याच कायद्यात नाही.

आता नाइलाजाने एक मान्य करतो. हे खोटं अगदी हवेतून आलेलं नाही. महाराष्ट्रातल्या काही ग्रामपंचायतींत जिंकलेल्या उमेदवारापेक्षा नोटाला जास्त मतं पडली होती. त्यानंतर नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने आदेश काढला: महानगरपालिका, नगरपालिका आणि नगरपंचायतींच्या निवडणुकीत नोटा पहिला आला तर तिथे फेरनिवडणूक. हे खरं आहे. पण राज्य निवडणूक आयोग वेगळा आणि भारत निवडणूक आयोग वेगळा. ग्रामपंचायत, झेडपी, नगरपालिका, महानगरपालिका पहिल्याकडे. विधानसभा आणि लोकसभा दुसऱ्याकडे. आमदाराच्या निवडणुकीला पहिल्याचा आदेश लागू होत नाही. मजकूर रचणाऱ्याने बातमीचं अर्धं शीर्षक वाचलं असावं.

आणि हा मजकूर नवा नाही. व्हॉट्सॲपच्या आधी ईमेलवर याचाच बाप फिरायचा, 'घटनेच्या कलम ४९-ओ नुसार' असं म्हणत. ४९-ओ घटनेत नव्हताच, तो निवडणूक नियमांत होता. घटनेतलं कलम ४९ राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांच्या जतनाबद्दल आहे. किल्ले, लेणी वगैरे.

अकरा मतांनी काय होतंय असं आत्याला वाटतं. त्याच २०२४ च्या निवडणुकीत मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांनी लागला, साकोलीचा २०८ मतांनी. असे पंधरा-वीस बचत गट पुरले असते. नोटा दाबू नका असं मी म्हणत नाही. सगळे नको असतील तर खुशाल दाबा, बटण त्यासाठीच आहे. पण फेरनिवडणूक लागेल म्हणून दाबणार असाल, तर तुम्हाला फसवलंय.

"२५ टक्के मतदारांनी सह्या करून कलेक्टरला दिल्या की आमदार १५ दिवसांत पायउतार."

ही कल्पना ऐकायला मलाही आवडते. पण आमदाराला परत बोलावण्याची सोय आपल्या कायद्यात नाही. २५ टक्के हा आकडा कुठून आला असेल याचा माझा अंदाज असा: तेव्हाचे खासदार वरुण गांधी यांनी लोकसभेत एक खासगी विधेयक मांडलं होतं, त्यात एक चतुर्थांश मतदारांच्या सह्यांनी आमदार-खासदाराविरुद्ध प्रक्रिया सुरू करण्याची तरतूद होती. त्याचा कायदा झाला नाही. गावात याच्या जवळपास जाणारं आहे ते थेट निवडलेल्या सरपंचाबाबत. सदस्यांनी अविश्वास ठराव केला की ग्रामसभेत गुप्त मतदान. पण सरपंच म्हणजे आमदार नव्हे.

बरं, सह्या तरी किती? २०२४ ला राज्यात मतदार ९ कोटी ७० लाख, जागा २८८. सरासरी एका मतदारसंघात ३ लाख ३७ हजार. त्याचे २५ टक्के म्हणजे ८४ हजार सह्या. आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीच्या अर्जावर चाळीस सह्या गोळा व्हायला दोन महिने लागले.

मुदतीआधी आमदारकी जाते ती दुसऱ्या वाटांनी. स्वतः राजीनामा दिला, पक्षांतरबंदीत अपात्र ठरला, किंवा दोन वर्षं वा त्याहून जास्त शिक्षा झाली. सावनेरचे सुनील केदार डिसेंबर २०२३ मध्ये असेच गेले, नागपूर जिल्हा बँकेच्या प्रकरणात पाच वर्षांची शिक्षा होताच. यात मतदाराची सही कुठेच लागत नाही. वाईट वाटतं, पण आहे हे असं आहे.

"आमदार मतदारसंघातलाच रहिवासी असावा लागतो." नाही. राज्यातल्या कुठल्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत नाव असलं की झालं. कोल्हापूरचे चंद्रकांत पाटील २०१९ ला पुण्यात कोथरूडमधून उभे राहिले आणि निवडून आले, २०२४ ला पुन्हा. बाहेरचा नको असेल तर मत देऊ नका, तो तुमचा प्रश्न. कायद्याचा नाही.

"आमदाराच्या खात्यात तुमच्या नावाने दरवर्षी ५ कोटी जमा होतात. न खर्चलेले तो घरी नेतो."

५ कोटी हा आकडा बरोबर. मार्च २०२२ च्या अधिवेशनात स्थानिक विकास निधी ४ कोटींवरून ५ कोटी केल्याची घोषणा झाली. पण तो आमदाराच्या खात्यात जात नाही. आमदार शिफारशीचं पत्र देतो, अमुक गावात सभामंडप, तमुक वस्तीला रस्ता. ते पत्र जिल्हा नियोजन कार्यालयात जातं. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, मग कलेक्टर ऑफिसकडून प्रशासकीय मान्यता. काम बांधकाम खातं किंवा झेडपी करून घेते आणि बिल ठेकेदाराला निघतं.

गैरसमज का होतो ते मला आत्याच्या गावातच कळलं. मारुतीच्या देवळापुढच्या सभामंडपावर ग्रॅनाइटची पाटी आहे. आमदारांचं नाव वीतभर अक्षरांत, 'यांच्या निधीतून'. खाली करंगळीच्या नखाएवढ्या अक्षरांत अंदाजित रक्कम. पाटी वाचणाऱ्याला वाटणारच की साहेबांनी खिशातून दिले. आणि एकदा खिशातून दिले म्हटलं, की उरलेले खिशात गेले हेही ओघाने आलंच.

टक्केवारी चालत नाही असं मी म्हणतोय का? मुळीच नाही. ठेकेदार कोणाचा भाचा आहे हे गावात शेंबड्या पोराला माहीत असतं. पण ती चोरी बिलात होते, अंदाजपत्रकात होते, ठरलेल्याहून पातळ पत्र्यात होते. सगळे जण आमदाराचं बँक खातं शोधत बसले, तर पत्रा मोजणार कोण? आणि 'तुमच्या नावाने' म्हणाल तर ५ कोटी भागिले ३ लाख ३७ हजार करा. माणशी वर्षाला दीडशे रुपयेसुद्धा येत नाहीत.

"माजी आमदाराला जन्मभर पेन्शन." हो, हे खरं. महिना ५० हजार, आणि पहिल्या पाच वर्षांपुढच्या प्रत्येक वर्षाला २ हजार जादा. पंजाबने २०२२ मध्ये 'एक आमदार, एक पेन्शन' केलं. आपल्याकडे काय करायचं त्यावर जरूर भांडा. पण पाचातला एक खरा निघाला म्हणून बाकीचे चार गिळायचे नाहीत.

आत्याला हे सगळं फोनवर सांगितलं. लातूर ग्रामीणचं ऐकून ती गप्प झाली. मग म्हणाली, "म्हंजे आमची मतं वाया." मी म्हटलं, मोजली गेली, पण निकाल बदलला नाही. तिला ते पटलं नाही, आणि तिचंही काही चुकलं नाही.

विषय बदलायचा म्हणून मी निधीचं सांगितलं. कुठल्या गावाला कुठलं काम, किती मंजूर, किती बिल निघालं, ही यादी जिल्हा नियोजन कार्यालयाकडून माहिती अधिकारात मागता येते. साध्या कागदावर अर्ज, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप. पलीकडे कोणाशी तरी काहीतरी बोलणं झालं. मग विचारलं, "अकरा जणींच्या सह्या केल्या तर स्टँप अकरा लागतील का एकच?"