‘शंभर रुपयांत चार पैसे’ हा हिशेब चुकीच्या पानावरचा आहे

मार्चमध्ये राज्याचा अर्थसंकल्प मांडला जातो, जूनमध्ये पर्यावरण दिन येतो आणि दोन्ही वेळा एक संदेश न चुकता फिरतो. मला तो आतापर्यंत सात-आठ जणांनी पाठवलाय. मजकूर थोडक्यात असा: ‘महाराष्ट्राचा अर्थसंकल्प सात लाख कोटींचा. त्यात पर्यावरणाला तीनशे कोटीसुद्धा नाहीत, म्हणजे शंभर रुपयांत चार पैसे. झाडांसाठीचे हजारो कोटी दिल्लीत पडून आहेत. कारखान्यांकडून वसूल केलेला पैसा सरकार भलतीकडे उडवतं. पर्यावरणाची तरतूद दहापट करा, नद्या आपोआप स्वच्छ होतील.’

हा संदेश पाठवणारी माणसं तळमळीची आहेत, त्यांचा राग खरा आहे. म्हणूनच हे लिहावंसं वाटलं. चुकीचा आकडा घेऊन भांडायला गेलं की समोरचा अधिकारी पहिल्या दोन मिनिटांत तो आकडा खोडून काढतो आणि मग आपलं बरोबर असलेलं म्हणणंही कुणी ऐकून घेत नाही. हे मी एका बैठकीत डोळ्यांदेखत घडताना पाहिलं आहे. नदीसाठी वीस वर्षं झटणारा माणूस त्या दिवशी मान खाली घालून बाहेर पडला.

तर आधी ते चार पैसे. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात तीनशे कोटींच्या आतली तरतूद होती, हे खरं आहे. पण ती एका विभागाची तरतूद आहे, पर्यावरण व वातावरणीय बदल विभागाची. या विभागाच्या ताब्यात ना जंगल आहे, ना नदी, ना गटार. जंगल महसूल व वन विभागाकडे, बांधबंदिस्ती मृद व जलसंधारण विभागाकडे, शहरांचं मैलापाणी नगरविकासाकडे, गावांचं पाणीपुरवठा व स्वच्छता विभागाकडे. हिशेबाची खातीही त्याप्रमाणे वेगळी: २४०६ वनीकरण व वन्यजीवन, २४०२ मृद व जलसंधारण, ३४३५ परिस्थितिकी व पर्यावरण, २२१५ पाणीपुरवठा व स्वच्छता. ‘पर्यावरण’ हा शब्द ज्या पानावर छापलेला दिसला तेवढंच पान संदेश लिहिणाऱ्याने वाचलं.

त्याच वर्षी वन विभागाला कार्यक्रमांसाठी अडीच हजार कोटींच्या आसपास आणि मृद व जलसंधारणाला चार हजार कोटींहून अधिक तरतूद होती. एवढ्या तीनच विभागांची बेरीज केली तरी चार पैशांचा जवळपास एक रुपया होतो. शिवाय भाषणात वाचून दाखवतात ते विभागवार आकडे फक्त ‘कार्यक्रम खर्चा’चे असतात. पगार, भत्ते, कार्यालयं ही सगळी ‘अनिवार्य खर्चा’त जातात. वन विभाग हा माणसांच्या पायावर चालणारा विभाग आहे. रोज आपलं बीट, म्हणजे नेमून दिलेला जंगलाचा तुकडा, फिरणारा वनरक्षक हेच जंगलाचं पहिलं संरक्षण, आणि त्याचा पगार या आकड्यात धरलेलाच नाही.

हा एक रुपयाही मी डोळे मिटून पर्यावरणाच्या खात्यात टाकणार नाही. जलसंधारणाच्या नावाने खर्च झालेला प्रत्येक पैसा निसर्गाच्या कामी येतोच असं नाही. जलयुक्त शिवारवर ९,६३३.७५ कोटी रुपये खर्च होऊनही पाण्याची गरज भागवण्यात आणि भूजल वाढवण्यात योजनेचा फारसा परिणाम दिसला नाही, असा निष्कर्ष कॅगने २०२०मध्ये काढला होता. तेव्हा भांडायचं असेल तर या रुपयावरून भांडू. त्यातला किती खरा, किती नावापुरता? हा प्रश्न विचारला की विभागांना उत्तर द्यावं लागतं. चार पैशांवर त्यांना उत्तर द्यावंच लागत नाही, ते सरळ दुसऱ्या विभागाकडे बोट दाखवतात.

हा हिशेब एकत्र मांडणं अशक्य नाही. ओडिशा आणि बिहारने २०२०-२१पासून आपल्या अर्थसंकल्पातले हवामान आणि पर्यावरणाशी निगडित खर्च वेगळे काढून दाखवायला सुरुवात केली. मुंबई महापालिकेने २०२४मध्ये असा अहवाल काढला. त्या याद्यांमध्येही सोयीची मोजणी घुसू शकते, पण निदान यादी समोर असते आणि तिच्यावर वाद घालता येतो.

दुसरा मुद्दा कॅम्पाचा, म्हणजे जंगल गेल्याच्या भरपाईपोटी जमा होणाऱ्या वनीकरण निधीचा. ‘झाडांसाठीचे हजारो कोटी दिल्लीत पडून’ हे वाक्य एके काळी बरोबर होतं. रस्ता, खाण, धरण यांसाठी वनजमीन वळवली की प्रकल्प उभारणाऱ्या यंत्रणेने पर्यायी वनीकरणाचे आणि त्या जंगलाच्या निव्वळ वर्तमान मूल्याचे, म्हणजे गमावलेल्या जंगलाच्या किमतीचे, पैसे भरायचे, ही व्यवस्था जंगलांविषयीच्या गोदावर्मन खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांतून उभी राहिली. पैसे वर्षानुवर्षं केंद्रातल्या हंगामी व्यवस्थेकडे साचत गेले. मग २०१६मध्ये कायदा झाला आणि ऑगस्ट २०१९मध्ये केंद्राने राज्यांना ४७,४३६ कोटी रुपये दिले. महाराष्ट्राच्या वाट्याला त्यातले सुमारे ३,८४४ कोटी आले. आता नव्वद टक्के रक्कम राज्याची आणि दहा टक्के केंद्राची. राज्याची रक्कम लोकलेख्यात, म्हणजे राज्याच्या मुख्य तिजोरीपासून वेगळ्या खात्यात, राहते, तिच्यावर व्याज मिळतं आणि ३१ मार्चला ती बुडत नाही. म्हणजे जाब आता मुंबई-नागपूरला विचारायचा. वार्षिक आराखडा वेळेवर तयार झाला का? मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालच्या सुकाणू समितीने तो कधी पाहिला? केंद्रीय प्राधिकरणाची मंजुरी कधी आली? मंजुरी पावसाळा उलटून गेल्यावर आली तर रोपं लावायची कधी?

या मुद्द्यात मला सर्वांत जास्त खुपते ती वेगळीच गोष्ट. कॅम्पाचा पैसा वाढला की ‘वनांसाठी निधी वाढला’ अशी बातमी होते. तो पैसा जंगल गेल्याच्या बदल्यात आलेला असतो. जितकी जास्त वनजमीन वळवली, तितकी मोठी रक्कम. घर विकून आलेल्या पैशाला कुणी मिळकतीत वाढ म्हणत नाही. म्हणून कॅम्पाची रक्कम राज्याच्या नेहमीच्या वन तरतुदीवर वरकड असली पाहिजे, तिच्या जागी नव्हे. आणि ती कशावर खर्च होते यावर बारीक लक्ष हवं. उत्तराखंडमध्ये याच निधीतून आयफोन, लॅपटॉप आणि फ्रीज घेतल्याचं कॅगच्या अहवालातून बाहेर आलं. आपल्या राज्यातला कॅम्पाचा खर्च ओळीओळीने तपासायला एवढं कारण पुरेसं आहे.

‘कारखान्यांचा पैसा सरकार उडवतं’ या मुद्द्यावर फार थांबत नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ मुख्यतः संमतीपत्रांच्या शुल्कावर चालतं. ते शुल्क मंडळाच्या स्वतःच्या खात्यात जमा होतं, राज्याच्या एकत्रित निधीत, म्हणजे मुख्य तिजोरीत, जात नाही. विधानसभा अनुदानाच्या मागण्यांवर मतदान करते तेव्हा हा पैसा त्या कागदांवर नसतोच. पूर्वी पाणी उपकराचा काही वाटाही मिळायचा, तो उपकर जीएसटी आल्यावर २०१७मध्ये बंद झाला. व्याघ्र प्रकल्पांचंही तसंच. पर्यटकांचं प्रवेशशुल्क प्रकल्पाच्या प्रतिष्ठानात राहतं आणि तिथेच वापरलं जातं. तेव्हा पैसा भलतीकडे ‘उडवला’ हा आरोप इथे टिकत नाही. मात्र सभागृहाच्या नजरेबाहेर एवढा पैसा फिरतो आणि त्यावर चर्चा होत नाही, ही तक्रार रास्त आहे. ती करायला हवी.

आता शेवटचं वाक्य, ‘दहापट करा’. सगळा संदेश यावर उभा आहे आणि सगळ्यात जास्त दिशाभूल याच वाक्याने होते.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी विदर्भातल्या एका वनपरिक्षेत्रात होतो. वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून धरतात, तो १५ जूनपर्यंत चालतो. त्याआधी जाळरेषा तयार व्हाव्या लागतात: गवत वाळलं की पट्टा कापायचा आणि वारा पडलेला असताना, माणसं दोन्ही बाजूंना उभी करून तो जाळून घ्यायचा. मग आग आली तरी त्या मोकळ्या पट्ट्यापाशी अडते. त्या दिवशी पट्टा निम्माच झाला होता. मागच्या हंगामाची मजुरी थकलेली, त्यामुळे गावातून कुणी यायला तयार नव्हतं. वनरक्षक एकटाच पाठीवर ब्लोअर बांधून पालापाचोळा उडवत होता. पेट्रोल त्याच्या खिशातलं होतं. थांबल्यावर त्याने बाटलीतलं पाणी आधी ब्लोअरच्या तापलेल्या पट्ट्याने भाजलेल्या खांद्यावर ओतलं आणि उरलेलं प्यायला.

निधी आला मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, ३१ तारखेच्या आत खर्ची टाकायच्या सूचनेसह. तोवर त्याच्या बीटातल्या दोन टेकड्या जळून काळ्या पडल्या होत्या. त्या वर्षीच्या हिशेबात मात्र जाळरेषांचा खर्च पूर्ण दिसतो. तरतूदही पूर्ण, खर्चही पूर्ण. अशा कामाला दहापट तरतूद दिली आणि ती पुन्हा मार्चअखेरीलाच पोचली, तर काय बदलेल?

अर्थसंकल्पातला आकडा हा खर्च करायची परवानगी असतो, हातात आलेला पैसा नव्हे. वित्त विभाग तो टप्प्याटप्प्याने सोडतो. चणचण आली की आधी कार्यक्रम खर्चाला कात्री लागते. कोविडच्या वर्षी, ४ मे २०२०च्या निर्णयाने, विकासकामांचा फक्त ३३ टक्के निधी देण्याचं ठरलं. सार्वजनिक आरोग्य, वैद्यकीय शिक्षण, अन्न व नागरी पुरवठा, मदत व पुनर्वसन हे विभाग प्राधान्यात होते, वन आणि पर्यावरण नव्हते. त्या संकटात तो क्रम समजण्यासारखा होता. पण रोपवनाला असं मधलं वर्ष सोसत नाही. आधीच्या उन्हाळ्यात खड्डे, पावसाळ्यात लागवड, मग पुढची काही वर्षं निंदणी, आळी, मेलेल्या रोपांच्या जागी नवी रोपं, गुरांपासून राखण. यातल्या एका वर्षाचे पैसे आले नाहीत की आधीच्या वर्षांचेही मातीत जातात. २०१६ ते २०१९ या चार पावसाळ्यांत राज्याने दोन, चार, तेरा आणि तेहतीस कोटी झाडांची उद्दिष्टं ठेवली. लागवडीच्या आकड्यांचे फलक सगळीकडे लागले. तिसऱ्या वर्षीच्या निंदणीचा फलक मी कुठेच पाहिला नाही.

आणि नद्या? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२च्या अहवालात देशभरातले ३११ प्रदूषित नदीपट्टे होते. त्यातले ५५ महाराष्ट्रात, सर्व राज्यांत जास्त. शहरांजवळच्या पट्ट्यांचं मोठं दुखणं म्हणजे प्रक्रिया न करता सोडलेलं मैलापाणी. त्याची केंद्रं महापालिका आणि नगरपालिका बांधतात. पर्यावरण विभागाची तरतूद दहापट केली म्हणून मैलापाणी वाहिन्या आपोआप पडत नाहीत. पुण्याचं उदाहरण बघा. मुळा-मुठेसाठी राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेतून, जपानच्या जायका संस्थेच्या कर्जावर, ११ शुद्धीकरण केंद्रांचा ९९०.२६ कोटींचा प्रकल्प मंजूर झाला. करार जानेवारी २०१६चा. काम प्रत्यक्ष सुरू व्हायला २०२२ उजाडलं. मधली सहा वर्षं पैसा मंजूर होता आणि मुठेत मैलाही वाहत होता.

सप्टेंबर २०२२मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने घनकचरा आणि सांडपाण्याच्या हलगर्जीपणाबद्दल महाराष्ट्राला १२ हजार कोटी रुपये भरायला सांगितले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. तरीही तो आकडा आणि पर्यावरण विभागाची तरतूद शेजारी-शेजारी ठेवून पाहावी. हे काम किती मोठं आहे आणि ते त्या एका छोट्या विभागाचं नाही, हे दोन्ही एकदम कळतं.

मी तो संदेश पुढे पाठवत नाही. वित्त विभागाच्या बीम्स प्रणालीवर विभागवार तरतूद किती, वितरित किती आणि खर्च किती हे तीन रकाने कुणालाही पाहता येतात. ते पाहून मी आमच्या आमदारांना तीन प्रश्न लिहून दिलेत: जाळरेषांचा निधी वनपरिक्षेत्रापर्यंत कोणत्या तारखेला पोचला, तीन वर्षांपूर्वीच्या रोपवनांच्या देखभालीला या वर्षी किती मिळाले, आणि आपल्या तालुक्याच्या गावातलं शुद्धीकरण केंद्र दिवसाचे किती तास चालतं. पुढच्या अधिवेशनात पुरवणी मागण्या येतील तेव्हा हे विचारतो, असं ते म्हणालेत. त्या दिवशी मी सभागृहाचं थेट प्रक्षेपण लावून बसणार आहे.