माँटेसरी परदेशात टिकत नाही? मग हे दाखलेही वाचा

पालकांच्या गटांमध्ये एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: माँटेसरी ही सुखवस्तू युरोपियनांनी आपल्या मुलांसाठी काढलेली पद्धत आहे, ती मुलांना मोकाट सोडते, अमेरिकेने तिला शंभर वर्षांपूर्वीच नाकारलं, खुद्द इटलीने ती बंद पाडली. सबब, एका देशातली शिक्षणपद्धत दुसऱ्या देशात रुजत नाही. सनावळ्या दिल्यामुळे मजकूर अभ्यासपूर्ण वाटतो, आणि त्यातल्या दोन घटना घडलेल्या आहेतच. पण त्यांतून काढलेला निष्कर्ष वाचून एखादी शाळा किंवा एखादं घर हा विचारच सोडून देतं, म्हणून उत्तर द्यायला हवं.

‘ही श्रीमंतांची पद्धत.’ माँटेसरीचं पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेन्झो या मजूरवस्तीत उघडलं. आईबाप दिवसभर कामावर असत आणि मागे राहिलेली लहान मुलं नुकत्याच दुरुस्त केलेल्या इमारतींची नासधूस करत. ती थांबावी म्हणून इमारतींच्या मालक कंपनीने मुलांना एका जागी सांभाळायचं ठरवलं आणि डॉ. मारिया माँटेसरींना बोलावलं. त्याआधी बाईंनी बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसोबत काम केलं होतं. मुलांनी हाताळून शिकायच्या त्यांच्या साधनांमागे इतार आणि सेगाँ या फ्रेंच डॉक्टरांचे प्रयोग आहेत. ज्या मुलांवर शाळांनी पाणी सोडलं होतं, त्यांच्यापासून या पद्धतीची सुरुवात झाली.

आज कितीतरी ठिकाणी माँटेसरी शाळेची फी सामान्य घराला झेपत नाही, ही तक्रार मात्र रास्त आहे. पण हा प्रश्न खर्च कोण उचलतं याचा आहे. नेदरलँड्समध्ये १९१७च्या घटनादुरुस्तीने खासगी प्राथमिक शाळांनाही सरकारी शाळांइतकाच निधी मिळू लागला, त्यामुळे तिथे माँटेसरी शाळा ही चारचौघांसारखीच शाळा आहे. अ‍ॅन फ्रँक अ‍ॅमस्टरडॅमला अशाच शाळेत शिकली.

‘मुलांना मोकाट सोडतात.’ वर्गात प्रत्येक साधनाचा सहसा एकच संच असतो. तो दुसऱ्याच्या हातात असेल तर थांबायचं. काम झालं की वस्तू होती तिथे, होती तशी ठेवायची. जे साधन वापरायचं कसं हे दाखवलेलं नाही, ते घ्यायचं नाही. मूल काय निवडायचं ते ठरवतं. निवडीचं कुंपण मोठ्यांनी आधीच विचारपूर्वक घातलेलं असतं. तीन वर्षांचं मूल ठोकळा मनोऱ्यावर ठेवण्याआधी श्वास रोखून थांबतं, ते ज्याने पाहिलं आहे तो ‘मोकाट’ हा शब्द वापरणार नाही.

‘अमेरिकेने नाकारली.’ या मुद्द्यावर थोडं थांबू या, कारण मजकुराचा सगळा जोर इथेच आहे आणि गोष्ट अर्धीच सांगितली आहे. १९११मध्ये ‘मॅक्क्लूअर्स’ मासिकाने माँटेसरींवर लेख छापले आणि देशभर कुतूहल उसळलं. १९१३च्या अखेरीस बाई अमेरिकेत आल्या, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये बोलल्या. अलेक्झांडर ग्रॅहम बेल आणि त्यांच्या पत्नी मेबल पाठीशी उभे राहिले. १९१५च्या सॅन फ्रान्सिस्को प्रदर्शनात काचेच्या भिंतींचा वर्ग मांडला होता. लोक बाहेरून पाहत आणि मुलं आपल्या कामात असत. आणि मग काही वर्षांतच सगळं ओसरलं.

कारणं नीट पाहा. १९१४मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधल्या विल्यम किलपॅट्रिक यांनी पुस्तक लिहून पद्धतीवर टीका केली. आक्षेप काय होता? साधनं ठरीव आहेत, कल्पनेला आणि मुलांनी मिळून करायच्या कामाला वाव कमी आहे, मागचा मानसशास्त्रीय विचार जुना आहे. म्हणजे त्या काळच्या सर्वांत वजनदार टीकाकाराला साधनांच्या बाबतीत पद्धत फार बांधलेली वाटली. ‘मोकाट सोडतात’ आणि ‘अमेरिकेने नाकारली’ हे फिरत्या मजकुराचे दोन मुद्दे असे एकमेकांचाच गळा धरतात. दुसरं कारण माणसांचं. शिक्षकांचं प्रशिक्षण आपल्याच हातात राहावं असा बाईंचा आग्रह होता. उत्साह महासागर ओलांडून गेला, प्रशिक्षित शिक्षक तेवढे गेले नाहीत. माझ्या मते ही त्यांची व्यूहरचनेतली मोठी चूक होती. तिचं बिल अमेरिकेतल्या मुलांच्या नावावर फाडणं बरोबर नाही.

शिवाय मजकूर इथेच थांबतो, इतिहास थांबत नाही. १९५८मध्ये कनेटिकट राज्यात व्हिटबी शाळा सुरू झाली, १९६०मध्ये नॅन्सी मॅकॉर्मिक रँबश यांच्या पुढाकाराने अमेरिकन माँटेसरी सोसायटी उभी राहिली. आज त्या देशात खासगी शाळा तर आहेतच, पण सरकारी पैशावर चालणाऱ्या माँटेसरी शाळाही पाचशेहून अधिक आहेत.

‘इटलीने बंद पाडली.’ मुसोलिनीने आधी या शाळांना आश्रय दिला. शाळा फॅसिस्ट शिस्तीला जुंपायच्या ठरल्यावर बिनसलं आणि १९३४मध्ये बाईंनी देश सोडला. जर्मनीत नाझींनीही या शाळा बंद केल्या. स्वतः विचार करणारी मुलं हुकूमशाहीला नकोशी वाटली, यात पद्धतीचा पराभव कुठे दिसतो?

‘दुसऱ्या देशात रुजत नाही.’ भारताचाच दाखला घ्या. माँटेसरी १९३९मध्ये मद्रासजवळ अड्यारला आल्या. पण त्याआधीच, १९२०मध्ये, शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांनी गुजरातेत भावनगरला बालमंदिर सुरू केलं होतं, आणि १९२६मध्ये त्यांनी व ताराबाई मोडकांनी नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. ताराबाईंनी पुढे जे केलं ते मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं वाटतं. १९४५मध्ये त्या आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच अंगणात नेली. महागडी साधनं बाजूला ठेवून बिया, शिंपले, पानं, खडे घेतले. पुढे जवळच्याच कोसबाडला, सहकारी अनुताई वाघ सोबत असताना, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. लाकडी मनोरा गेला तरी चाललं. मूल हाताने शिकतं, त्याच्याकडे आधी बघा आणि मग शिकवा, हे त्यांनी सोडलं नाही.

मजकुरात नसलेला, पण खरा धोका वेगळाच आहे. ‘माँटेसरी’ हे नाव कुणाच्याही मालकीचं नाही. अमेरिकेत १९६७मध्येच ते व्यापारचिन्ह ठरू शकत नाही असा निर्णय झाला. त्यामुळे पाटी कुणीही लावू शकतं आणि आत पाठांतर चालू ठेवू शकतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अँजेलिन लिलार्ड यांच्या २००६च्या अभ्यासात अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराच्या सरकारी माँटेसरी शाळेत सोडतीने प्रवेश मिळालेली मुलं प्रवेश हुकलेल्यांपेक्षा वाचन, गणित आणि सामाजिक समज यांत पुढे दिसली. त्यांच्याच २०१२च्या अभ्यासात मूळ पद्धत काटेकोर पाळणाऱ्या वर्गांतल्या मुलांनी, इतर साधनांची सरमिसळ केलेल्या वर्गांपेक्षा जास्त प्रगती केली. तेव्हा शाळा निवडताना ती कोणत्या देशातून आली हे विचारण्यापेक्षा एवढं विचारा: तीन ते सहा वर्षांची मुलं एकाच वर्गात असतात का, सलग दोन-तीन तास त्यांचं काम कुणी तोडत नाही ना, आणि शिक्षिकेचं प्रशिक्षण किती महिन्यांचं झालं आहे?