तळ्याची फाईल ग्रामसभेत सगळ्यात शेवटी का येते?

येत्या ग्रामसभेत गोव्यातल्या आमच्या गावात पुन्हा तोच विषय निघणार आहे. तळ्याच्या वरच्या अंगाला, सड्याच्या (जांभ्या दगडाच्या पठाराच्या) उतारावर, मोठी वसाहत येऊ घातली आहे. फ्लॅट आहेत, व्हिला आहेत, स्विमिंग पूल आहे, सगळे आराखड्यात नीट दाखवले आहे. पावसाळ्यात त्याच जमिनीतून उतरून तळ्याला मिळणारा व्हाळ (ओहोळ) मात्र आराखड्यात कुठेच दिसत नाही. सभेत बोलायला दोन मिनिटे मिळतात आणि हा विषय दोन मिनिटांचा नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

माझे म्हणणे एवढेच आहे की पाणथळ जागेच्या आसपासच्या कुठल्याही मोठ्या बांधकामाची फाईल गावासमोर सगळ्यात आधी आली पाहिजे. आज ती सगळ्यात शेवटी येते. तोवर झोन बदललेला असतो, जमीन बिगरशेती करण्याची सनद निघालेली असते, नगरनियोजन खात्याची तांत्रिक मान्यता झालेली असते. मग पंचायतीला सांगितले जाते की आता फक्त तुमचा परवाना राहिलाय. त्या टप्प्यावर गावाने 'नको' म्हटले की गाव विकासाच्या आड येते अशी ओरड सुरू होते. ज्याला आधी कुणी विचारलेच नाही, त्याच्यावर शेवटी आडमुठेपणाचा शिक्का मारायचा, हे मला अजिबात मान्य नाही.

पुष्कळ जणांना वाटते की एवढा मोठा प्रकल्प म्हणजे त्याची पर्यावरणाची जनसुनावणी झालीच असणार. ती झालेली नसते. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे २०,००० चौरस मीटरपेक्षा कमी बांधकाम असेल तर इमारतीला पर्यावरण दाखलाच लागत नाही. त्याहून मोठ्या इमारत प्रकल्पाला दाखला लागतो, पण जनसुनावणीतून त्याला सूट आहे. खाणीच्या सुनावण्या आपण गोव्यात पाहिल्या आहेत, मंडपात बसून तासन्‌तास लोक बोललेले आहेत. इमारतींसाठी तशी सोय नाही. झोनबदल व्हायचा असेल तर नगरनियोजन कायद्याच्या कलम ३९अ खाली राजपत्रात सूचना येते आणि हरकतींसाठी ३० दिवस मिळतात. पण त्या सूचनेत असतो सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ आणि जुना-नवा झोन. या जमिनीखाली झर आहे, इथले पाणी कुठल्या तळ्यात जाते, हे त्यात वाचायला मिळत नाही. आणि शेतावर जाणारा माणूस दर आठवड्याला राजपत्र उघडून बसत नाही.

राहता राहिली ग्रामसभा. गावाने एकत्र बसून प्रश्न विचारावेत अशी ती एकच जागा उरते. पण वेळापत्रक कसे आहे बघा. पंचायत राज कायद्याच्या कलम ६६ खाली बांधकाम परवान्याचा अर्ज आला की पंचायतीला ३० दिवसांत निर्णय द्यावा लागतो, नाही दिला तर अर्जदार वर अपिलात जाऊ शकतो. साधारण ग्रामसभा मात्र तीन महिन्यांतून एकदा. म्हणजे अर्ज दोन ग्रामसभांच्या मधे आला की तो पंचायत मंडळाच्या बैठकीतच निकालात निघणार, आणि गावाला कळणार ते पत्रे ठोकल्यावर, जेसीबी चढल्यावर. यात पंचांनी मुद्दाम काही लपवले असे मी म्हणत नाही. मुदतीच रचल्या आहेत अशा की लपवायची गरजच पडत नाही.

आता पन्नास मीटरचा मुद्दा, कारण गेल्या सभेत त्यावरच सगळे अडकले. केंद्राच्या २०१७ च्या पाणथळ संवर्धन नियमांनुसार अधिसूचित पाणथळ जागेत भराव घालता येत नाही, कचरा टाकता येत नाही, प्रक्रिया न केलेले सांडपाणी सोडता येत नाही, आणि नियम लागू होण्याआधीच्या दहा वर्षांतल्या सरासरी उच्च पूररेषेपासून ५० मीटरच्या आत, होडीचा धक्का सोडल्यास, पक्के बांधकाम करता येत नाही. प्रकल्पवाल्यांचा माणूस उठून म्हणाला, आम्ही तर दोनशे मीटरवर आहोत. सभा गप्प झाली. खरे म्हणजे तिथेच विचारायला हवे होते, दोनशे मीटर कुठून मोजले? पूररेषा जमिनीवर कोणी आखली आहे? खांब कुठे रोवलेत? मोजणी उन्हाळ्यात झाली, तेव्हा तळ्याचे पाणी आत सरकलेले होते आणि काठावर गुरे चरत होती. जुलैत ते पाणी कुठवर येते हे मानशीच्या (पाणी अडवण्या-सोडण्याच्या दाराच्या) फळ्या काढणाऱ्या काकांना विचारा, ते आंब्याच्या बुंध्यावरची खूण दाखवतील. ती खूण मोजणीच्या नकाशावर आली पाहिजे.

पण मला ५० मीटरपेक्षा महत्त्वाचा वाटतो तो त्याच नियमांतला दुसरा शब्द, प्रभावक्षेत्र. पाणलोटाचा असा भाग, जिथे केलेल्या कामाने तळ्याचे बरेवाईट होते. अधिसूचना काढताना हे प्रभावक्षेत्र ठरवायचे असते, तिथे कुठल्या कामांवर बंधन राहील हेही ठरवायचे असते, आणि मसुद्यावर हरकती-सूचनांसाठी लोकांना ६० दिवस द्यायचे असतात. आपल्याकडे सगळी चर्चा काठावर होते. तळे मात्र काठावर भरत नाही.

आमचे तळे कसे भरते ते सांगते. वर जांभ्याचा सडा आहे. मे महिन्यात तो करपलेला, काळपट, ओसाड दिसतो, म्हणूनच बाहेरच्या माणसाला तो 'पडीक' वाटतो. जांभा दगड छिद्रांनी भरलेला असतो. वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो त्यातला बराचसा सडा पितो आणि उताराच्या पायथ्याशी झरींतून हळूहळू सोडतो. डिसेंबरात, पाऊस थांबून दोन महिने झालेले असताना, वरच्या पाणंदीच्या कडेला दरडीतून पाणी पाझरताना दिसते, हात लावला तर गार लागते. तेच पाणी तळ्यात येते, तळ्यातून मानशीने खालच्या शेतांत सुटते आणि त्यावर वायंगणाचे, म्हणजे पावसाळ्यानंतरचे, भात उभे राहते. विहिरींची पातळीही त्याच्यावर. हा सगळा पुरवठा दोनशे मीटरच्या पलीकडून येतो.

आता त्या उतारावर १०,००० चौरस मीटर जागा स्लॅब, पेव्हर आणि डांबराखाली गेली असे धरा. जुलैत एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस गोव्याला नवा नाही. त्या एका दिवसात त्या जागेवर दहा लाख लिटर पाणी पडते, म्हणजे दहा हजार लिटरचे शंभर टँकर. आज त्यातले पुष्कळ जमिनीत मुरते. उद्या ते जवळजवळ सगळे गटाराने एकदम खाली येणार, सोबत माती घेऊन. म्हणजे पावसाळ्यात खालच्या शेतांत पूर, आणि फेब्रुवारीत झरी कोरड्या. दोन्ही नुकसान एकाच स्लॅबचे.

मातीचे तर आम्ही डोळ्यांनी पाहिले. वरच्या बाजूला एका रस्त्यासाठी उतार कापला, तेव्हा पहिल्याच मोठ्या सरीनंतर तळ्याच्या तोंडाशी पाणी विटकरी लाल झाले. कमळाच्या पानांवर बोटभर चिखल बसला होता, पान उचलले तर देठ मोडून हातात येत होता. जिथे पूर्वी कमरेएवढे पाणी असायचे तिथे आता घोटाभर गाळ आहे. नगरनियोजन कायद्याच्या कलम १७अ प्रमाणे डोंगर कापायला आणि सखल जमिनीत भराव घालायला मुख्य नगरनियोजकांची लेखी परवानगी लागते. ती होती की नव्हती, हे विचारायला आम्ही गेलो तेव्हा काम संपलेले होते.

सांडपाण्याचा हिशेब तर साधा आहे, आणि तो कुठल्याही सभेत कुणी मांडलेला मी ऐकलेला नाही. शंभर फ्लॅट, घरटी चार माणसे, माणशी १३५ लिटर पाणी हे आपल्याकडचे नेहमीचे मानक. दिवसाला ५४,००० लिटर झाले. त्याच्या ८० टक्के सांडपाणी धरतात, म्हणजे रोज सुमारे ४३,००० लिटर. हे जाणार कुठे? सोकपिटात सोडले तर सच्छिद्र जांभ्यातून ते खालच्या विहिरींकडेच सरकणार. प्रक्रिया केंद्र बांधतो म्हणाले, तर ते दहा वर्षांनी चालवणार कोण, वीज गेल्यावर टाकी भरली की उपसा कुठे सोडणार? आणि रोजचे ५४,००० लिटर आणणार कुठून? नळाला आमच्याकडेच एक दिवसाआड पाणी. मग बोअरवेल मारणार, म्हणजे पुन्हा सड्याच्या पोटातले तेच पाणी.

कायद्याची आणखी एक अडचण गोव्याला फार लागते. २०१७ च्या नियमांच्या व्याख्येतून भातशेती वगळलेली आहे, आणि सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलसाठेही वगळलेले आहेत. आपली बहुतेक तळी आपल्या पूर्वजांनीच बांध घालून, शेतीसाठी उभी केली. तळे, मानस, खालची भातशेती, त्याखाली खाजन (खाडीकाठची बांध घालून राखलेली सखल जमीन) आणि पोंय (खाजनातला पाण्याचा साठा), हे सगळे आपल्याकडे एकाच पाण्यावर चालते. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्यासाठी स्वतंत्र कलम घालून खाजनांचे नकाशे करा, ती राखा, तिथे विकासकामे नकोत असे म्हटले आहे. म्हणजे खालच्या टोकाला एक कायदा, मधल्या तळ्याला दुसरा, शेताला तिसरा आणि वरच्या सड्याला जवळजवळ काहीच नाही. प्रत्येक खाते आपापला तुकडा बघून शिक्का मारते. पाण्याची अख्खी वाट डोक्यात असलेला एकच घटक आहे, तो म्हणजे तिथे राहणारे गाव. म्हणूनच गावाची छाननी आधी हवी असे मी म्हणते.

कुडचड्याच्या नंदा तळ्याचे उदाहरण मी मुद्दाम घेते. २०२२ मध्ये ते गोव्याचे पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाले, ४२ हेक्टर. पावसाळा सोडून इतर महिन्यांत तिथे पाणी साठवतात आणि मानशीखालच्या शेतांत भात पिकते; शेती करणाऱ्यांनीच राखलेली जागा आज जगाच्या यादीत आहे. आम्हाला सगळ्यांना अभिमान वाटला. पण कुडचडे हे शहर, तिथे नगरपालिका, आणि शहराला ग्रामसभा नसते. तिथल्या लोकांनी मग कुठे बसून विचारायचे? एक वाट आहे, जैवविविधता व्यवस्थापन समिती. २००२ च्या जैविक विविधता कायद्याप्रमाणे ती प्रत्येक स्थानिक संस्थेत असायला हवी, पालिकेतसुद्धा, आणि लोकांची जैवविविधता नोंदवही तिने ठेवायची असते. झरी, व्हाळ, मानस, पाण्याच्या वाटा त्या नोंदवहीत सर्व्हे नंबरांसह चढल्या तर पुढे कुणाला 'असा व्हाळ नव्हताच' म्हणता येणार नाही.

गावाला काय कळते, असे म्हणणाऱ्यांना मी प्रादेशिक आराखडा २०२१ ची आठवण देते. २०११ चा आराखडा लोकांच्या आंदोलनामुळे रद्द करावा लागला, त्यानंतर चार्ल्स कोरिया आणि एडगर रिबेरो यांच्यासारखे नियोजनकार असलेल्या कृतिदलाने नव्या आराखड्याचा मसुदा गावागावांत पाठवला. ग्रामसमित्या बसल्या. लोक नकाशे हातात घेऊन शेताच्या बांधांवरून फिरले, इथे झर आहे, इथे देवराई आहे, इथे पाणी भरते असे लिहून दिले. त्या आराखड्यावर माझे आक्षेप आहेत, पण गावाला नकाशा वाचता येतो हे तेव्हाच सिद्ध झालेले आहे. त्यानंतर नगरनियोजन कायद्याच्या कलम १७(२) सारख्या, आराखड्यातल्या 'चुका' दुरुस्त करण्याच्या वाटांनी एकेक सर्व्हे नंबर त्या आराखड्यातून सुटत गेला. त्याखालचे नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्दबातल ठरवले. दरवेळी कोर्टात जाणे कुठल्या गावाला परवडते? चिंबलमध्ये तोय्यार तळ्याजवळच्या युनिटी मॉलविरुद्ध लोकांना उपोषणाला बसावे लागले. उपोषणाच्या आधी त्यांना शांतपणे विचारले असते तर काय बिघडले असते?

आता आपल्याच लोकांना एक सांगायचे आहे, आणि ते कडक वाटले तरी चालेल. ग्रामसभेत 'रद्द करा, रद्द करा' म्हणून जो ठराव होतो, तो वर अपिलात टिकत नाही. 'गावाचा तीव्र विरोध आहे' या वाक्यात कारण नसते. त्याऐवजी ठरावात असे लिहा: अमुक सर्व्हे नंबरातून बारमाही व्हाळ वाहतो, तो साइट प्लॅनवर दाखवलेला नाही, उताराचा नकाशा जोडलेला नाही, सांडपाणी कुठे जाणार याचा खुलासा नाही, पाहणी पावसाळ्यात झालेली नाही, ती जुलैत आणि ग्रामस्थांच्या समक्ष व्हावी. असे लेखी आले की परवाना देणाऱ्यालाही त्याचे उत्तर फाईलवर द्यावे लागते. सचिव इतिवृत्त लिहितात तेव्हा शेजारी उभे राहून वाचून घ्या, आणि सही-शिक्क्याची प्रत मागा.

गावातल्या माणसाने घर बांधायचेच नाही का, असे मला विचारले गेले. भावाभावांत वाटणी झाली, मुलाचे लग्न ठरले, जुन्या घराला दोन खोल्या जोडायच्या आहेत, अशा माणसाला या फेऱ्यात अडकवणे अन्याय होईल आणि मी त्याच्या बाजूने उभी राहीन. त्याच्या दोन खोल्या आणि शंभर फ्लॅट यांना एकच फॉर्म, एकच रांग, हेच चुकते आहे. जमीन विकणारेही आपलेच आहेत हे मला ठाऊक आहे. शेती परवडत नाही, बांधाची डागडुजी आपल्या खिशातून होत नाही, कोमुनिदादीत (गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेत) भांडणे आहेत. त्यावर वेगळे लिहावे लागेल. पण विकणाऱ्याची अडचण खरी असली म्हणून खालच्या चाळीस घरांची विहीर आटू द्यावी असे होत नाही.

आमच्या पंचायतीकडे मागणी अशी आहे: तळ्याच्या पाणलोटात येणाऱ्या सर्व्हे नंबरांची यादी ग्रामसभेने आधीच मंजूर करून ठेवायची. त्या यादीतल्या जमिनीवर राहत्या घरापलीकडचा कुठलाही अर्ज आला की ३० दिवसांच्या आत खास ग्रामसभा बोलवायची, आणि अख्खी फाईल, नकाशांसकट, आठवडाभर आधी पंचायतीच्या टेबलावर सगळ्यांना बघायला ठेवायची. झोनबदलाची सूचना राजपत्रात आली की ती त्याच दिवशी पंचायतीच्या फलकावर आणि देवळाच्या व चॅपेलच्या बाहेर लावायची. यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही. हा विषय अजेंड्यावर घ्यावा म्हणून लेखी अर्ज दिलेला आहे आणि पोच घेतलेली आहे. सर्व्हे नंबरांची कच्ची यादी वाड्यावरच्या मुलांनी तयार केली आहे. वरच्या वाड्यातल्या झरींची नावे आणि जागा त्यात अजून अपुऱ्या आहेत, ज्यांना ठाऊक असतील त्यांनी सभेच्या आधी त्या मुलांना सांगाव्यात.