कपाचं तोंड गोल दिसतच नाही

समोरची वस्तू बघून रेखाटन करण्याबद्दलचा लेख वाचला. तसं केलं की डोक्यातल्या ठरलेल्या आकारांतून नजर मोकळी होते, हे त्यातलं म्हणणं पटलं. माझी खोड कपाने मोडली. तोंड गोल असतं हे डोक्यात इतकं पक्कं, की समोर चपटा लंबगोल दिसत असूनही हात गोलच काढायचा. बूड मात्र सरळ रेषेत, कारण कप सपाट बसतो ना! प्रत्यक्षात बुडाची कड तोंडापेक्षा जास्त वळलेली दिसते, कारण ती नजरेच्या आणखी खाली असते. खुर्चीचंही तेच. तिच्या पायांऐवजी त्यांच्यामधल्या मोकळ्या जागांचे आकार काढले, तेव्हा कुठे ती कागदावर उभी राहिली. फोटोवरून काढणाऱ्यांबद्दल लेखात काही नाही. मान जराशी हलवली की खऱ्या कपाचा लंबगोल बदलतो, फोटोतला तसाच राहतो.