गिटार वापरलेली नव्हती: नागपूरच्या ग्राहकाच्या एक-स्टार रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू शनिवारी रात्री वाचला. मुलीच्या दहावीच्या निकालाचं बक्षीस म्हणून घेतलेली वस्तू अशी निघावी याचं वाईट वाटलं. त्याबद्दल आधी मनापासून माफी मागतो. न बघता, न वाजवता, फोटोवर विश्वास ठेवून तुम्ही ९,४९० रुपये भरलेत. तो विश्वास सांभाळणं माझं काम होतं, आणि त्यात मी कमी पडलो.

पण सर, एका शब्दासाठी हे उत्तर लिहायला बसलो आहे. तुम्ही लिहिलं आहे, ‘नवी म्हणून वापरलेली गिटार माथी मारली.’ पुरावे चार दिलेत. तारा ढिल्या होत्या, तारांवर बोटांचे काळपट डाग होते, आतल्या लेबलवर पेन्सिलीने जुन्या दुरुस्तीचे आकडे होते, आणि कव्हरमध्ये पांढरी पूड सापडली, म्हणजे बहुधा वाळवी.

या चारही गोष्टी खऱ्या आहेत. चारही मी केल्या आहेत.

आमच्याकडे गिटार कंपनीच्या खोक्यातून येते तेव्हा तिच्या तारा फ्रेटबोर्डापासून, म्हणजे बोटं दाबतात त्या पट्टीपासून, बऱ्याच वर असतात. बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे त्या पट्टीवरची धातूची आडवी कांब) मोजलं तर साडेतीन मिलिमीटरच्या आसपास. शिकाऊ मुलीने अशी गिटार दाबली तर आठवड्यात बोटं सोलतात आणि गिटार कपाटावर जाते. म्हणून प्रत्येक गिटार मी आधी टेबलावर घेतो. सॅडल, म्हणजे तारा खालच्या टोकाला जिच्यावर टेकतात ती पट्टी, खालून घासतो, नटच्या, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाच्या प्लास्टिकच्या पट्टीच्या, खाचा कानशीने थोड्या खोल करतो, मग अर्धा तास वाजवून बघतो. प्रत्येक तार, प्रत्येक फ्रेट. तारांवरचे डाग माझ्या बोटांचे आहेत. लेबलवरचे ‘२.४ / १.८’ हे जाड आणि बारीक तारेच्या उंचीचे मिलिमीटर आहेत, शेजारी तपासल्याची तारीख आहे. ती २८ एप्रिल आहे, बघून घ्या. पांढरी पूड नटची. फुंकर मारून काढायला हवी होती, राहिली. पण वाळवी नाही हो सर. ती पूड प्लास्टिकची आहे, लाकडाची नाही.

या कामाचे मी वेगळे पैसे लावत नाही. माझे वडील पुण्यातल्या याच शनिवार पेठेत पेटी आणि तंबोरे दुरुस्त करायचे. गिऱ्हाइकाच्या हातात वाद्य देण्याआधी ते सुरात लावून, स्वतः वाजवून द्यायचं, ही त्यांची सवय माझ्याकडे आली. त्या सवयीचे डाग माझ्यावरच उलटतील असं कधी वाटलं नव्हतं.

आता ढिल्या तारांचं. सहा तारा सुरात असतात तेव्हा मानेवर साधारण ७० किलोचा ओढा असतो. पुण्याहून नागपूरला जाताना खोकं चार-पाच वेळा चढतं-उतरतं, कुणीतरी आपटतंच. तेवढ्या ताणात धक्का बसला तर मान हेडजवळ, म्हणजे खुंट्यांच्या टोकाजवळ, तडकू शकते. म्हणून पॅक करताना मी सगळ्या तारा चार-चार सेमीटोन (अर्धे स्वर) उतरवतो. ओढा ४५ किलोच्या आसपास येतो. गिटार पोचली की त्या परत चढवायच्या असतात.

तुम्ही रिव्ह्यूसोबत टाकलेला व्हिडिओ मी हेडफोन लावून सात-आठ वेळा ऐकला. तुमच्या मुलीचा हात छान आहे. ‘जी’ कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा मेळ) तिने स्वच्छ धरली आहे. पण सहावी, म्हणजे सगळ्यात जाड, तार ‘ई’ या सुराला असायला हवी ती ‘सी’ला आहे, आणि बाकीच्या पाचही तेवढ्याच खाली. म्हणजे मी उतरवून दिलेली गिटार तशीच वाजते आहे. सगळ्या सारख्याच उतरलेल्या असल्यामुळे कॉर्ड जुळते आणि कानाला चूक कळत नाही. फक्त तार सैल असल्यामुळे ती फ्रेटला घासते आणि तुम्ही म्हणता तो ‘खर्रर्र’ आवाज येतो. (तंबोऱ्यात असाच झणकार यावा म्हणून लोक आमच्याकडे जवारी काढून घ्यायला यायचे. गिटारला मात्र तो दोष, हे मान्य.)

त्यात आणखी एक झालं. गिटार तुम्हाला ३ मेला मिळाली. रिव्ह्यूत तुम्हीच लिहिल्याप्रमाणे ती निकालापर्यंत वरच्या मजल्यावर कपाटावर लपवून ठेवली आणि १६ मेला उघडली. तेरा दिवस. नागपूरचा मे महिना, वर स्लॅब तापलेला. कोरड्या हवेत गिटारची पुढची फळी किंचित खाली बसते. तारांचा ओढा कमी असला की मानेच्या आतला ट्रस रॉड (धातूची सळई) तिला मागे ढकलतो. दोन्हींमुळे तारा फ्रेटच्या आणखी जवळ येतात. कोकणातल्या गिऱ्हाइकांची पावसाळ्यात याच्या बरोबर उलटी तक्रार असते, तिथे फळी फुगते आणि तारा वर जातात. मुलीला सरप्राइज द्यायचं होतं, यात तुमची चूक काहीच नाही, बाप असंच करणार. पण तक्रार सात दिवसांत कळवायची अट लिहिलेली असते ती यासाठीच. ‘लुटायची युक्ती’ म्हणून नव्हे.

फोन उचलला नाही, या तक्रारीबद्दल. ‘पुण्याचे दुकानदार, एक ते चार बंद’ हे वाचून दुकानातला पोरगा हसला. मला हसू आलं नाही. दुकान दुपारी उघडं असतं. तुमचे तिन्ही कॉल रविवारी रात्री ९:५० नंतरचे आहेत, माझ्याकडे नोंद आहे. सोमवारी सकाळी मी दोनदा फोन केला, तुम्ही कामात असाल.

‘डब्यासारखा आवाज’ याबद्दल माझी बाजू थोडी लंगडी आहे. वर्णनात ‘स्प्रूस टॉप’, म्हणजे स्प्रूस लाकडाची पुढची फळी, एवढंच लिहिलं होतं. ही फळी अखंड लाकडाची नाही, पातळ थर चिकटवलेली आहे, प्लायसारखी. या किमतीत बहुधा तशीच येते आणि तुमच्याकडच्या हवेत ती तडकतही कमी. पण तसं स्पष्ट लिहायला हवं होतं. फोटोतला रंग लालसर दिसतो तो दुकानातल्या पिवळ्या दिव्यामुळे. दोन्ही लवकरच दुरुस्त करतो. पांढरा ट्यूबलाइट आणायचा आहेच.

तारा चढवण्याची सूचनाही खोक्यात नव्हती. मी ती फोनवर सांगतो, तुम्हाला सांगायची राहिली. यापुढे चिठ्ठी टाकू.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये शटर बंद होतं तेव्हा नाइलाजाने ऑनलाइन विक्री सुरू केली. आज निम्मं दुकान त्यावर चालतं, आणि गिऱ्हाईक आधी खालचा एक स्टारच वाचतं. तुमचा रिव्ह्यू आल्यापासून विदर्भातून एकही ऑर्डर नाही. योगायोग असेलही. कुरियरवाला मात्र योगायोग बघत नाही. ११० बाय ४५ बाय १५ सेंटीमीटरचं खोकं चार किलोचं असलं तरी आकारमानावर १५ किलो धरून पैसे घेतो, आणि परतीचे पुन्हा तेवढेच. ‘परतीचा खर्च आमच्यावर का’ असं तुम्ही विचारलंत, त्याचं उत्तर एवढंच आहे.

तरीही मुदत गेली हे मी धरत नाही. आधी सहाही तारा मोबाइलवरच्या ट्यूनरने ई-ए-डी-जी-बी-ई ला चढवा आणि दोन दिवस खालच्या मजल्यावर राहू द्या, कूलरच्या झोतात नको. मान सावकाश पुढे येते. त्यानंतरही घासली तर नागपुरातल्या कुठल्याही गिटार दुरुस्त करणाऱ्याकडे न्या, ५०० रुपयांपर्यंतचं बिल मला पाठवा. तेही नको असेल तर गिटार परत पाठवा, परतीचं भाडं मी भरतो आणि पूर्ण पैसे देतो.

स्टार एकच राहू द्या, आवाज आवडला नाही तर तो तुमचा हक्क आहे. ‘वापरलेली’ हा शब्द तेवढा काढता आला तर बघा.

आणि सोबत काहीच दिलं नाही असं तुम्ही म्हटलंय, तर कव्हरच्या पुढच्या लहान खिशात हात घालून बघा. खिसा आतून खोल आहे. दोन पिक्स (तारा छेडायच्या चकत्या) आणि ट्रस रॉड फिरवायची ॲलन की (षटकोनी चावी) तळाशी असेल. ती चावी मुलीच्या हातात देऊ नका. दुरुस्तीवाल्याला द्या, आणि घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नको म्हणून सांगा.

आपला,
दुकानमालक