कात्रिना ही ॲझ्टेक देवी नव्हे

ऑक्टोबर संपत आला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. मेक्सिकोत म्हणे हॅलोविनला (३१ ऑक्टोबरच्या भुताखेतांच्या सणाला) सांगाड्यांच्या मूर्ती पुजतात, त्यातली मोठ्या टोपीची कात्रिना ही हजारो वर्षांची, तिथल्या जुन्या ॲझ्टेक लोकांची मृत्युदेवता, आणि हल्ली या मूर्ती कारखान्यातच निघतात.

हॅलोविनचं आधी बघू. मेक्सिकोतला मृतांचा दिवस १ आणि २ नोव्हेंबरला असतो. पहिला गेलेल्या लेकरांचा, दुसरा मोठ्यांचा. घरात फोटो, मेणबत्त्या, त्या माणसाच्या आवडीचे पदार्थ आणि झेंडू मांडतात. (आपल्या दसऱ्याचा झेंडू मूळचा तिकडचाच.) वाट बघतात ती घरच्या माणसांची, भुतांची नाही.

आता पूजा. गिटार वाजवणारा, लग्नाला उभा राहिलेला, दारू पिणारा सांगाडा कोण पुजेल? मरणापुढे श्रीमंत-गरीब सगळे सारखेच, ही त्यातली थट्टा आहे.

सगळ्यात चीड येते ती 'हजारो वर्षांच्या देवी'ची. ॲझ्टेकांची मृत्युदेवता होती, पण ती मिक्तेकासिवात्ल. कात्रिना जन्मली १९१०च्या सुमारास, होसे ग्वादालुपे पोसादा या छापचित्रकाराच्या धातूच्या पत्र्यावर. आपलं मूळ लपवून युरोपियन थाट मिरवणाऱ्यांची त्यानं टर उडवली होती. चित्रात फक्त कवटी आणि पिसांची टोपी होती. अंगभर झगा चढवला चित्रकार दिएगो रिव्हेरानं, १९४७च्या भित्तिचित्रात. आणि मिचोआकान राज्यातल्या कापुला गावात ती मातीच्या मूर्तीत उतरली १९८०च्या दशकात, हुआन तोरेस या कलावंताच्या पुढाकारानं. म्हणजे कोणी, कुठे, केव्हा, सगळं ठाऊक आहे. 'प्राचीन' म्हटलं की ही माणसंच पुसली जातात.

राहिला कारखाना. साच्यातल्या स्वस्त नकला बाजारात आहेत, हे खरं. पण कापुलात आजही टोपीवरच्या फुलाची एकेक पाकळी बोटांनी वळून चिकटवतात, मग भट्टी, मग रंग. मेक्सिको सिटीत कागदाचं काम चालतं: बोरू किंवा तारेचा ढाचा, त्यावर गव्हाच्या पिठाच्या खळीत भिजवलेल्या कागदाचे थरावर थर, वाळवण, मग पांढऱ्या रंगाचा हात. पेद्रो लिनारेस (१९०६–१९९२) यांच्या घराण्यानं ही कला जगभरच्या संग्रहालयांत नेली.

मजकूर पुढे पाठवायचाच असेल, तर त्यात पोसादा आणि कापुला ही दोन नावं तरी घाला.