कोरडीहून कोरडी

लग्नाच्या वाढदिवसाला चार पाहुणे, एक चॉकलेट केक आणि प्रोसेको या बुडबुड्यांच्या इटालियन वाइनची एक बाटली, असा बेत ठरला. बेत बायकोचा; वाइन निवडायची जबाबदारी माझी आणि चुकली तर बोलणीही मलाच. तिची अट एकच होती, "गोडमिट्ट नको."

शेल्फवर एकाच वाइनचे तीन अवतार उभे होते. ब्रूट, एक्स्ट्रा ड्राय आणि ड्राय. ब्रूट हे नाव एखाद्या गुंडाचं वाटलं. मंगल प्रसंगी त्याला कशाला बोलवा? वाइनच्या भाषेत ड्राय म्हणजे गोड नसलेली, एवढं मला ठाऊक होतं. मग एक्स्ट्रा ड्राय म्हणजे कोरडीहून कोरडी! हिशेब सोपा. उचलली.

घरी येऊन फोनवर वाचलं आणि घाम फुटला. ब्रूटमध्ये लिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर, एक्स्ट्रा ड्रायमध्ये १२ ते १७ आणि ड्रायमध्ये चक्क १७ ते ३२ ग्रॅम! "दोनच शब्द बोलतो" म्हणून माइक हातात घेणारा माणूस आणि ही ड्राय, दोघं एकाच गुरूचे चेले असावेत. मी ही माहिती मनातच ठेवली आणि या धांदलीत बाटली फ्रिजमध्ये ठेवायला विसरलो.

प्रोसेकोचे बुडबुडे कुठून येतात, हेही त्याच दिवशी कळलं. ईशान्य इटलीत ग्लेरा जातीच्या द्राक्षांची वाइन करतात, ती बंद पोलादी टाकीत पुन्हा आंबवतात. वायूला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून तो वाइनमध्येच मुरतो. वाट मी करून दिली. नियम असा की बाटली चांगली गार हवी, ती तिरकी धरायची, बूच घट्ट पकडायचं आणि फिरवायची ती बाटली. मी कोमट बाटली सरळ उभी धरली, तारेची जाळी काढली आणि बूच फिरवलं. बूच छताला लागलं. फेस साडूभाऊंच्या चष्म्याला. ते चष्मा पुसत म्हणाले, "वास छान आहे हो, सफरचंदासारखा." मोठा माणूस.

उरलेली वाइन बर्फात गार केली आणि केकबरोबर दिली. एक घोट घेताच सगळ्यांचे चेहरे लिंबू चोखल्यासारखे झाले. पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की वाइनचा गोडवा लपतो आणि आंबटपणा तेवढा दात दाखवतो. ज्या साखरेपायी मी दुपारभर चोरासारखा वावरलो, ती एका केकने गिळून टाकली होती.

अब्रू वाचवली साडूभाऊंच्या मुलीने. "काका, हे फोडू?" म्हणत तिने बटाट्याच्या खाऱ्या वेफर्सचं पाकीट फोडलंसुद्धा. एक वेफर, वर एक घोट, आणि तीच वाइन माणसात आली! मिठाने आंबटपणा बोथट केला, बुडबुड्यांनी जिभेवरचं तेल धुऊन नेलं. मग मी तळलेली कोळंबी बाहेर काढली. खुद्द इटलीत प्रोशुत्तो, म्हणजे खारवून वाळवलेल्या डुकराच्या मांडीचे पातळ काप, हिच्याबरोबर खातात, असंही मी ऐकवलं. कोणी ऐकलं नाही. सगळ्यांची तोंडं भरलेली होती. केक तसाच राहिला.

शेवटचा घोट जिभेवर घोळवत बायको म्हणाली, "चांगली आहे रे. पण मागून किंचित गोड लागते. पुढच्या वेळी हे एक्स्ट्रा-बिक्स्ट्रा नको, सरळ साधी ड्राय आण."

मी म्हणालो, "बरं."